सिंहासन मागं निघालं

माझी नात जन्मापासून आंधळी आहे. शाळेत त्याला बरासा शब्द वापरतात. घरी आम्ही आंधळी म्हणतो, ती स्वतःही म्हणते. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढं कुणी उसासे टाकायला नकोत.

आम्ही मुकुंदवाडीला राहतो. मुलगा चितेगावला कंपनीत पाळीवर जातो, सून शिवणकामाला जाते, म्हणून नातीला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या शाळेनं बालनाट्याची तिकिटं दिली. मी चौथी शिकलेली. लहानपण मेंढरांमागं गेलं आणि पुढचं आयुष्य मजुरीत. नाट्यगृह मी बाहेरून पाहिलं होतं, त्याच्या कंपाउंडची भिंत बांधताना विटा वाहिल्या होत्या. आत पहिल्यांदाच गेले. गारवा होता, खुर्च्या मऊ होत्या. बरं वाटलं.

नाटक एका राजाचं होतं. त्याची झोप चोरीला जाते आणि तो चोर शोधत हिंडतो. पडदा उघडला तशी नात म्हणाली, "सांग."

ती कुठंही गेली की असंच म्हणते आणि मी दिसेल ते सांगते. भाजीबाजारात सांगते, लग्नात सांगते. इथंही सुरू केलं.

"राजा आलाय. पोट सुटलंय. मुकुट पुठ्ठ्याचा हाय, सोनेरी कागद एका बाजूनं उचकटलाय."

पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, "मावशी, जरा हळू." मी हळू बोलले. मग मागून एक पोरगा म्हणाला, "अम्मा, कॉमेंट्री बंद करो ना." त्यावर चार लोक हसले. मी गप्प बसले.

तेवढ्यात सगळं नाट्यगृह खदखदून हसायला लागलं. झालं असं की राजा चोरपावलांनी निघाला आणि त्याचा शेला सिंहासनाच्या खिळ्यात अडकला. सिंहासनाला खाली चाकं. राजा चालला की ते मागं चालायचं, राजा थांबला की थांबायचं. राजाला वाटे मागं कुणीतरी लागलंय. या सगळ्यात कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

"काय झालं? आज्जे, काय झालं?"

मी कानात सांगितलं. तिला कळेपर्यंत राजा निघून गेला होता आणि राणी रडत होती. तेव्हा माझी नात हसली, मोठ्यानं, एकटीच. लोकांनी माना वळवून पाहिलं. माना वळलेल्या तिला दिसल्या नाहीत, पण शांतता तिला ऐकू आली. तिनं मूठ तोंडावर धरली आणि शेवटपर्यंत काही विचारलं नाही. पुढं चोरांचा नाच झाला. पाय न वाजवता नाचायचे ते. तिच्या वाट्याला नुसती बासरी आली.

रिक्षात ती म्हणाली, "मला सगळ्यांबरोबर हसायचं होतं."

मी रिक्षा थांबवली, तिला घेऊन परत गेले आणि नट रंग उतरवतात त्या खोलीत शिरले. नाटक बसवणारी बाई तिशीतली होती, चांगल्या शिकल्या घरातली. तिला म्हटलं, "तुमचं नाटक हिला दिसत नाय. काय करायचं?"

बाई हसली नाही आणि गहिवरलीही नाही. म्हणाली, "सांगत होतात त्या तुम्हीच ना? आम्हाला स्टेजवर ऐकू येत होतं."

राजा रुमालानं मिशी पुसत होता. तो म्हणाला, "पुठ्ठा म्हणालात तुम्ही. पोट सुटलंय म्हणालात."

"सुटलंय की."

नातीनं बाईला विचारलं, "मुकुटाला हात लावू का?" बाईनं तो तिच्या डोक्यावरच ठेवला.

सुट्टी संपायच्या आत आणखी एक प्रयोग होता. बाईनं ठरवलं, नातीच्या आंधळ्यांच्या शाळेतली सगळी मुलं बोलवायची आणि कुणीतरी मागच्या काचेच्या खोलीतून फोनवर त्यांना नाटक सांगायचं. मुलांच्या एका कानात इअरफोन, दुसरा कान नाटकाला मोकळा. सांगणार कोण? नट सगळे स्टेजवर. दिवे बघणारा दिव्यांपाशी. रिकामी मीच होते.

हर्सूलला एका शाळेत तालीम चालायची. मी नातीला घेऊन रोज जाऊ लागले. पहिल्याच दिवशी बाईशी वाजलं.

"आजी, पुठ्ठा म्हणायचं नाही."

"पुठ्ठाच हाय ना?"

"पुठ्ठाच आहे. पण आम्ही सगळे तो सोन्याचा धरून चाललोय. तुम्ही एकट्याच वेगळ्या नका चालू."

मला खोटं बोलायला जमत नाही. तोंडावर बोलते म्हणून माझी निम्मी भावकी माझ्याशी बोलत नाही. पण नात म्हणाली, "आज्जे, मला मुकुट पाहिजे. पुठ्ठा तर घरी लई पडलाय." तेव्हा मी सोन्याचा मुकुट म्हणायला शिकले. पोटाबद्दल मात्र मी ऐकलं नाही. राजाचं पोट राजाचंच होतं.

थोडक्यात सांगणं मला येत होतं. मेंढरं चारताना बाप एका टेकडीवर, मी दुसरीवर. काळी खाली उतरली, लंगडी मागं राहिली, एवढंच ओरडायचं. लांबड लावली तर वाऱ्यात जायची.

नाचाचं काय करायचं ते मात्र मला सुचेना. हात वर, पाय बाजूला, असं सांगू लागले की नात जांभई द्यायची. मग बाईनं चोर झालेल्या पोरींना तिच्यासमोर उभं केलं. नातीनं त्यांच्या कमरेला धरून एकेक पाऊल टाकून पाहिलं. तिनंच नावं ठेवली. एक चिखलाची चाल, एक मांजर-उडी, एक तव्यावरचे पाय. प्रयोगाआधी बाकीच्या मुलांनाही स्टेजवर नेऊन तसंच दाखवायचं ठरलं, म्हणजे नाच सुरू झाला की मी नुसतं नाव घ्यायचं.

शेवटची अडचण फोनची. मी बोलले की आवाज मुलांच्या कानात जरा उशिरा पोचायचा. तालमीत सिंहासन निघायचं, बाकीचे हसायचे आणि नात त्यांच्या मागून. तिनं इअरफोन काढून ठेवला. म्हणाली, "हे तर पयल्यासारखंच झालं."

मी म्हटलं, "थांब." नाटक आता मला तोंडपाठ होतं. पुढच्या वेळी राजानं पाऊल उचलायच्या आधीच मी बोलून टाकलं. नात बरोबर वेळेला हसली.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. आंधळी मुलं मधल्या रांगांत बसली होती. दुपारी स्टेजवर सगळ्यांचे तव्यावरचे पाय करून झाले होते. मी काचेमागं बसले, फोन तोंडापाशी. राजा आला, पोट आलं. सगळं ठीक चाललं होतं.

राजा चोर शोधायला वळला. मी बोलले, "शेला अडकला. राजा निघाला. सिंहासन मागं निघालं."

शेला अडकलाच नाही. खिळ्यावरून सुटला. राजा एकटाच चालत गेला आणि सिंहासन जागेवर. बोललेलं परत घेता येईना.

तेवढ्यात मधल्या रांगांतून हसू फुटलं. सगळी मुलं एकदम, आणि त्यात माझ्या नातीचा आवाज सगळ्यात वर. डोळस लोक गप्प बसून इकडंतिकडं पाहत होते.

राजा विंगेजवळ पोचला होता. तो थबकला. हसू कशाचं ते त्याला उमगलं. त्यानं हळूच मागं पाहिलं. सिंहासन मागं आलंच नव्हतं. तसाच चोरपावलांनी परत आला, शेल्याचं टोक स्वतःच्या हातानं खिळ्याला बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि पुन्हा घाबरत घाबरत निघाला. सिंहासन मागं. तो वळून दचकला. मग जे नाट्यगृह हसलं ते आवरेना. मुलं पुन्हा हसली, कारण आता मी गाठीचंही सांगत होते, आणि या खेपेला सगळे मिळून हसले. चोरांच्या नाचात मी "तव्यावरचे पाय" म्हटलं आणि मधल्या रांगांतल्या खुर्च्यांखाली चपला नाचायला लागल्या. कुणी त्यांना हळू म्हणालं नाही.

खेळ संपल्यावर राजा धावत काचेच्या खोलीत आला. "आजी, तुम्ही मला कामाला लावलं."

"तू खिळा नीट बघत जा."

आता तो दर प्रयोगाला मुद्दाम तसंच करतो. आणि गावोगावच्या तसल्या शाळांतली मुलं येतात तेव्हा बाई मला बोलावते. जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं मी तिच्याकडून घेते. उपकार म्हणून मी काही करत नाही.

त्या पहिल्या खेपेला घरी जाताना स्टेशनजवळ रिक्षा वळली तेव्हा नात बोलली.

"आज्जे, लोक लई उशिरा हसले."

"व्हय," मी म्हटलं. "त्यांच्या कानात कोण होतं सांगायला?"