भिंतीमागची आंघोळ

अवसरी बुद्रुकच्या आमच्या घरात खालचं बाथरूम सासऱ्यांसाठी बांधलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना बादली-तांब्या जमेना, म्हणून शॉवर बसवला. दुपारी सोलरचं पाणी कडक तापलं की सासूबाई त्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घालायच्या. सासऱ्यांची वाचा गेलेली. आतून बोलणं ऐकू यायचं ते सासूबाईंचं एकट्यांचंच.

ते गेले. वर्षश्राद्धही झालं. त्यानंतर एका दुपारी मी सासूबाईंना हाक मारायला गेले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आपल्या खोलीत कॉटवर, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. पलीकडे तेच बाथरूम.

"त्यांची आंघोळ चाललीय," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं नाही, कारण मलाही ऐकू आलं. पाणी ठिबकायचं, मधेच थांबायचं, अंगाला साबण लावताना माणूस थांबतो तसं. मी जाऊन दार उघडलं. नळ बंद, फरशी कोरडी. आवाज भिंतीच्या पोटातून येत होता.

मग हे रोजचंच झालं. नवरा चाकणला कंपनीत. रविवारी त्यानं भिंतीवरच्या ओलीला हात लावून पाहिला. "लीकेज आहे, दुसरं काय," म्हणाला. पण नेहमीसारखा आईच्या खोलीत जेवायला बसला नाही. मंचरचा प्लंबर उद्या-परवा करत राहिला. शेवटी मीच दुकानातून फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी आणि शॉवरच्या पाइपाभोवती भिंतीला चिकटून बसणारी नवी स्टीलची वाटी आणली.

आवाजाचं कारण साधंच होतं. मुलं सकाळी शॉवर घ्यायची. कोपऱ्यातलं सिलिकॉन फाटलेलं, पाइपाभोवतीची वाटी गंजून भिंतीपासून सुटलेली. तिथून पाणी फरशांमागे शिरायचं आणि दुपारपर्यंत ठिबकत राहायचं.

मुलं शाळेत गेल्यावर मी ब्लेडनं जुनं सिलिकॉन कापायला घेतलं. काळी पडलेली पट्टी ओढली, तिच्यामागून साबणाचा पिवळा थर निघाला आणि चंदनाचा वास सुटला. तो सासऱ्यांचा साबण. ते गेल्यापासून घरात कुणी आणला नव्हता.

पाइप फिरवून काढला, गंजकी वाटी ओढली. मागे मूठ जाईल एवढं भोक. त्यातून गार हवा तोंडावर आली. गाऊनवरची ओढणी मी नकळत डोक्यावर घेतली.

मग भोक सिमेंटनं बुजवलं. दुसऱ्या दिवशी ते वाळल्यावर नवी वाटी बसवली आणि कोपऱ्यांत सिलिकॉन भरून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटानं सारखं केलं. ते सुकेपर्यंत मुलांना वरच्या बाथरूममध्ये पाठवलं.

मुलं पुन्हा खाली आंघोळ करू लागली, तरी दुपारी भिंत गप्पच राहिली. सासूबाई बराच वेळ पाठ लावून बसल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू बुजवलंस व्हय?"

"गळत होतं, आई. भिंत खराब झाली असती."

मला वाटलं, आता रडतील.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "लई येळ पाण्यात व्हते. गारठले असते."

आणि आडव्या होऊन त्या गाढ झोपल्या. मी मात्र कॉटच्या कडेला बसून भिंतीला कान लावला. काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेच मला सोसेना. मुलांनी शाळेतून येऊन दार वाजवलं, तेव्हा कुठे मी उठले.