बॅनरसमोरची माणसं

"मोघे साब! उधर नहीं! हटाओ उनको उधर से!"

मिश्राजी ओरडत होते. आता मिश्राजींचा आवाज म्हणजे काय सांगू. बोईसरच्या कारखान्यात फिटर असलेला माणूस, वीस वर्षं मशिनच्या घरघरीवर चढून बोललेला. ते मासवणला ओरडले की मनोरच्या हॉटेलात कपातला चहा हिंदकळतो. पण माझ्या कानात बोळे होते आणि डोळा कॅमेऱ्याला होता. कुणीतरी कुणावर तरी खेकसतंय, एवढंच मला कळलं.

समोरून गाडी आली. वळणावर वळली नाही. सरळ गेली.

मी मोटर रेसिंगचे फोटो काढतो. बावीस वर्षं हाच धंदा. लोकांना मी सांगतो की एकदा एक गाडी माझ्या डोक्यावरून उडी मारून गेली आणि टोपीला अजून टायरचा डाग आहे. डाग खरा आहे, बाकीचं तुम्ही ठरवा. कामासाठी गावोगाव जावं लागतं, आणि जाईन तिथलं काहीतरी बघून यायची मला खोड आहे. रेस रविवारी असली की मी शनिवारीच पोचतो. जत्रा, देऊळ, खाडी, बाजार, काहीही चालतं. बायको म्हणते, तुम्ही रेसला जात नाही, सहलीला जाता आणि वाटेत रेस लागते.

मासवणची ती रेस म्हणजे ऑटोक्रॉस. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मातीचा ट्रॅक आखतात. एकेक गाडी सुटते आणि घड्याळाशी शर्यत लावते. शनिवारी दुपारी मी ट्रॅक पाहिला. शेवटच्या डाव्या वळणाच्या आतल्या बाजूला शेताची उंच मेर, म्हणजे बांध, होती आणि मेरेला लागून प्रायोजकाचा लांबलचक बॅनर. बाहेरच्या बाजूला मातीचा खांद्याएवढा ढीग, धरणाच्या भिंतीसारखा घातलेला. ताबा सुटलेली गाडी नेहमी बाहेर जाते. बादली गरगर फिरवली की पाणी बाहेरच उडतं, तसं. तो ढीग त्यासाठी होता.

रविवारी सकाळी सात वाजता ब्रीफिंग होतं. कुठे उभं राहायचं, कुठे नाही, काल रात्रीत काय बदललं, हे सगळं त्यात सांगतात. सात वाजता मी घिवलीच्या किनाऱ्यावर होतो. शेजारच्या अणुवीजकेंद्राकडे कॅमेरा वळवायचा नाही हे मला ठाऊक, म्हणून त्याच्याकडे पाठ करून होड्या काढत होतो, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील काढत होतो. एका म्हातारीने मला हाकललं आणि मग स्वतःच चहा दिला. फार सुंदर सकाळ होती. ट्रॅकवर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. उमरोळीजवळ एकाच चाकात तीन खिळे घुसले, असं मी रेस डायरेक्टर देसाईंना सांगितलं. ते हसले. म्हणाले, चौथा खिळा कुठं हरवला? आणि पास गळ्यात घातला.

ब्रीफिंगमध्ये काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. सांगितलं होतं हे: धूळ बसवायला पाण्याचा टँकर आत घ्यायचा होता, म्हणून जेसीबीने तो मातीचा ढीग मधोमध फोडला आहे. दोन टँकर जातील एवढी खिंड आहे. बुजवायला वेळ नाही, तेव्हा त्या बाजूला एकही माणूस नको. मार्शल म्हणून तिथे मिश्राजींना ठेवलं होतं. मार्शल म्हणजे झेंडा हातात घेऊन ट्रॅकची एक बाजू सांभाळणारा माणूस. रविवारची सुट्टी घालवून, हौसेने.

माझ्या जागेवरून ढीग दिसत होता. खिंड दिसत नव्हती.

अडचण वेगळीच होती. बॅनरसमोर मेरेवर दोन माणसं उभी होती. पन्नाशीचा लखमा आणि त्याची बायको जानकी. मेर त्यांचीच, मागचा तुकडाही त्यांचाच. सगळ्या मैदानात त्यांच्याइतक्या सुरक्षित जागी कुणी नव्हतं. पण बॅनरवरची अर्धी अक्षरं त्यांच्यामागे जात होती, आणि प्रायोजकाने मला तीनदा बजावलं होतं की गाडीच्या मागे नाव दिसलं पाहिजे, माणसं नकोत. आमच्या धंद्यात त्याला क्लीन बॅकग्राउंड म्हणतात.

मी गेलो आणि म्हटलं, दादा, जरा तिकडे ढिगामागे जाता का? तिथून छान दिसेल.

लखमा म्हणाला, "आमी हितंच बरं हाव. तिकडं गाडी येल."

इथे मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही. मी म्हणालो, "बावीस वर्षं हेच करतोय. ढिगाला गाडी लागलेली मी आजवर पाहिली नाही."

मी ती पाहिलेली आहे. निदान सात वेळा.

लखमाने बायकोकडे पाहिलं. दोन गाड्यांमधल्या वेळात दोघं ट्रॅक ओलांडून निघाले. प्रेक्षकांना अडवायला बांधलेली फीत मी त्यांच्यासाठी वर उचलून धरली. जाग्यावर परतलो, उजेड तपासायला दोन फोटो घेतले, कानात बोळे घातले, पुढच्या एका गाडीचा फोटो काढला. ती दोघं ढिगामागे गेली, तर जानकीला ढिगावरून पलीकडचं काही दिसेना. साहजिकच ती खिंडीत येऊन उभी राहिली. मिश्राजींनी पाहिलं ते तेव्हा.

गाडीचा ड्रायव्हर पट्टे सोडून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. जानकी बाजूला फेकली गेली, तिचं मनगट मोडलं. लखमाचा उजवा पाय गाडी आणि ढीग यांच्यामध्ये होता. ॲम्ब्युलन्स पाच मिनिटांत आली, त्यात कुणाची चूक नाही. चौथ्या दिवशी पाय गुडघ्याखालून काढला.

आयोजकांचा अहवाल त्याच्या आधीच तयार होता. देसाईंनी मला ऑफिसात बोलावून वाचून दाखवला. एक स्थानिक प्रेक्षक दारूच्या अंमलात फीत ओलांडून प्रतिबंधित जागेत गेला. मार्शलने वेळीच अडवलं नाही.

मी म्हटलं, तो प्यायलेला नव्हता.

"तुला काय माहीत?"

मी कॅमेऱ्याची पिशवी जवळ ओढली.

मग त्यांनी विचारलं, त्या वेळचे काही फोटो आहेत का. होते. उजेड तपासायला मी एकूण तीन घेतले होते. पहिल्यात लखमा आणि जानकी मेरेवर, बॅनरसमोर. हा त्यांच्याशी बोलायला जाण्याआधीचा. दुसऱ्यात ती दोघं फितीकडून ढिगाकडे चाललेली, सरळ, एकामागे एक. कोपऱ्यात दिशा दाखवणारा माझाच हात. तिसऱ्यात मेर रिकामी. तिन्हींवर वेळ उमटलेली.

देसाईंनी तिन्ही पाहिले. कॅमेरा माझ्या हातात परत देत म्हणाले, "मोघे, हे असले टेस्ट फोटो कुणी ठेवतं का? उडवून टाक. तुझ्याच हिताचं सांगतोय."

ते खरं होतं. माझ्याच हिताचं होतं.

मी उडवले नाहीत आणि दाखवलेही नाहीत. असे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मिश्राजींना दोनदा पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. मासवणला पोरं लखमाच्या घरावरून जाताना बाटली तोंडाला लावल्याचा हावभाव करायची, हे मला नंतर कळलं. त्याने उभ्या जन्मात ताडीसुद्धा घेतली नव्हती. जानकी आयोजकांच्या ऑफिसात गेली होती, मोडका हात गळ्यात बांधून. तिने एवढंच मागितलं की दारूचं तेवढं खोडा. तिला चहा पाजून परत पाठवलं.

नवव्या दिवशी प्रायोजकाचा फोन आला. अपघाताच्या आधीच्या गाडीचा फोटो मी पाठवला होता, तो त्यांनी छापायला घेतला होता. साहेब खूश होते. म्हणाले, "मोघे, कमाल केलीत. नाव कसं ठसठशीत आलंय! मागे एक माणूस नाही."

फोन ठेवला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. जबाब लिहून घेणारा हवालदार मध्येच थांबला आणि म्हणाला, साहेब, हे तुम्ही स्वतःविरुद्ध सांगताय, कळतंय ना? मी म्हटलं, लिहा. बावीस वर्षांतली माझी ती सगळ्यात छोटी गोष्ट. दीड पानात संपली.

अहवालातली दारू गेली. मिश्राजी सुटले, भेटले तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. माझ्यावर आणि आयोजकांवर गुन्हा दाखल झाला, खटला अजून चालू आहे. रेसचा पास आता मला कुणी देत नाही. लग्नांचे फोटो काढतो. लग्नात मांडवातली माणसं हलवायची वेळ आली, तर मी स्वतः हलतो. या धंद्यात शिकण्यासारखं एवढंच आहे, आणि ते पहिल्या दिवशीच शिकवायला हवं.

लखमा घरी आल्यावर मासवणला गेलो. तो पडवीत बाजेवर बसला होता. जानकीने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. घिवली सांगितली, खिळे सांगितले, बॅनर सांगितला. शेवटी म्हटलं, लखमादादा, ढिगाला गाडी लागत नाही म्हणालो ते खोटं होतं. मी खूपदा पाहिलंय.

लखमाने पाय, म्हणजे जो होता तो, जरा सरकवून घेतला.

"ते आमाला तवाच कळलं व्हतं," तो म्हणाला. "पन तुमी कामावर व्हते. आमी नुसते बगाय आल्ते."