आठ मिनिटांची भानगड

मामीचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. "बाय, मामा गेला गो तुझा..." एवढंच ती बोलली. येत्या रविवारी पूर्णगडला जाऊन मामाला पेटी वाजवून दाखवायचं ठरलं होतं. खरं सांगायचं तर त्याआधीचे अकरा रविवारही तसेच ठरले होते.

मामा मच्छीमार लाँचवर तांडेल, म्हणजे लाँचचा कप्तान होता. लाँच किनाऱ्याला लागली की गावच्या भजनात पेटीवर बसायचा. शिकला कुणाकडे, तर कुणाकडेच नाही. सहा वर्षांपूर्वी सप्ताहात बुवांना अभंगाच्या मध्येच खोकल्याची उबळ आली. पाणी झालं, खडीसाखर झाली, पाठीवर थापा झाल्या... तोवर मामा एकटा वाजवत राहिला. आठ मिनिटं! शेवटी बुवाच खोकायचं विसरून ऐकत बसले. मी मागे बायकांत होते, त्यामुळे त्याची बोटं दिसत नव्हती. पण फोनवर रेकॉर्डिंग केलं.

गेल्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्यात मामाचा उजवा हात गेला. मी ऐकवलेलं ते रेकॉर्डिंग त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "ही भानगड आता पुन्ना कोन वाजवनार?" मी म्हणाले, "मी." बोलून बसले खरी. मग एकेक सूर ऐकून वहीत नोटेशन उतरवायला लागले. वही बघून मामा म्हणाला, "वान्याची यादी हाय काय गो ही?"

सगळं बसलं, एक जागा सोडून. तान चढत धैवतापर्यंत यायची, आणि तिथून निषाद गाळून थेट वरच्या षड्जावर जायची. मध्ये एक बारीक 'टक्'. खालच्या सप्तकात निषाद होता, इथेच का नाही, यावर मी महिनोन्‌महिने डोकं खाजवलं. ती टक् टाळाची असेल असं समजून तिथे विश्रांतीची खूण केली, आणि बोट हवेत धरून रिकामी जागा मोजत बसले. कधी लवकर पडायचं, कधी उशिरा. मामा फोनवर विचारायचा, "कदी येतेस गो?"

"एक जागा बसत नाही रे मामा."

"मग मोडकी वाजव. पन माज्यासमोर वाजव."

पण आम्ही पडलो क्लासमध्ये शिकलेले. मोडकं वाजवायची आम्हाला लाज.

तेरावं झाल्यावर मामीने त्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. मामा असेपर्यंत तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. सूर बघावेत म्हणून मी एकेक पट्टी दाबत गेले. मधल्या सप्तकातला कोमल निषाद दाबला... आवाजच नाही. नुसती लाकडाची टक्.

"ती मेलेली पट्टी," मामी म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यान आतला पितळी सूर गंजला. धा वर्सं झाली. दर गनपतीत म्हनायचे, रत्नागिरीत नेऊन करून आनतो."

मामाने निषाद गाळलाच नव्हता. दर वेळी तो ती पट्टी दाबत होता, आणि त्याच्या कानात तो सूर वाजतही असणार. मी रिकामी समजून मोजत बसले, त्या जागेवर त्याचं बोट होतं. एकदा, एकदाच त्याच्यासमोर मोडकं वाजवलं असतं तर माझं हवेतलं बोट बघून त्याने ते एका वाक्यात सांगितलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत मला हसला असता. मी ते हसणं त्याला मिळू दिलं नाही. याचं दुःख मला त्याच्या जाण्याइतकंच होतं.

भाता उघडला आणि पहिल्यापासून वाजवलं. त्या जागेवर मुकी पट्टी दाबली, तर तान पहिल्याच खेपेला बसली. मामीने सवयीने पडवीतल्या त्याच्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "झाली काय गो पुरी?" तिने विचारलं.

पेटी आता रत्नागिरीत माझ्याकडे आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, नवा सूर बसवणं अर्ध्या तासाचं काम. मी नको म्हटलं. रोज बँकेतून आल्यावर ती आठ मिनिटं वाजवते. त्या जागी पोचले की पट्टी दाबते, टक् होतं, आणि पुढे जाते... मोडकीच वाजवतेय रे मामा.