माळ्यावरचा पलंग

त्या आठवड्यात हालिजा कुणाच्याही घरी टेकली म्हणून नाही. शिडी चढायची, उंबऱ्याशी उभी राहायची, "बसत नाही गं, सहज आले होते," म्हणायची आणि आपली निघायची. पायाला भिंगरी लागली होती. एकाच घरी सकाळी जायची, दुपारीही जायची, आणि दोन्ही वेळा सहजच जायची.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या लाप्पासी गावात समुद्राकडचं शेवटचं घर हालिजाचं. तिचा नवरा होता तेव्हा घरापुढे नारळांची रांग होती, रांगेपुढे वाळू, आणि वाळूच्या पलीकडे समुद्र, आपल्या मर्यादेत. आधी वाळू गेली, मग नारळ गेले. आता भरतीला पाणी घराच्या खांबांमधून फिरून जायचं आणि खेकडे शिडीची पहिली पायरी चढून बघायचे, घरात कोण आहे म्हणून. मागच्या पावसाळ्यात एक खांब तळाशी इतका कुजला की त्यात बोट जायला लागलं.

लेक मारवा मकासर शहरातून आली ती रिकामी पिशवी घेऊनच.

"इंदो, पुरे झालं. माझ्याकडे चल." आईला आमच्याकडे इंदो म्हणतात.

"तुझ्याकडे दीड खोली. त्यात तुम्ही चौघं. मी काय दोरीवर वाळत घालून घेऊ स्वतःला?"

"आणि इथे? एक दिवस घरासकट वाहून जाशील."

"मग घर उचलून रस्त्याकडे नेऊ. दिराने जागा दिलीय."

"उचलणार कोण, इंदो?" मारवा म्हणाली. "गावात पुरुष उरलेत कुठे?"

ते खरंच होतं. आमच्याकडे पोराला मिसरूड फुटलं की आईच्या आधी समुद्रापलीकडच्या सबाहला जाणाऱ्या बोटीला कळतं. कोणी तिकडे ताडाच्या मळ्यात, कोणी त्याच्याही पुढे खाणीवर. जे मागे राहिले ते खाऱ्या तळ्यांत मासे वाढवतात, नाहीतर समुद्रात दोरांवर विकायचं शेवाळ वाढवतात. आणि शेवाळाला यंदा पांढरा रोग पडला, तेव्हा त्यांतलेही दोघे-तिघे बोटीत बसले. पोरं लग्नाचा खर्च कमवायला म्हणून जातात. मुलीकडचे मागतात तेवढं गाठीला जमेपर्यंत मुलीला दुसरीकडे दोन पोरं झालेली असतात.

शेवटी मायलेकींचं ठरलं. शुक्रवारी नमाजानंतर घर उचलायचं. उचललं गेलं तर हालिजा गावात राहणार. नाही गेलं तर रविवारच्या गाडीने मकासर, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही.

घर उचलायला मजूर लावत नाहीत. पैसे देऊन घर उचलून घेणारा लाप्पासीत अजून जन्मला नाही. जन्मला तर त्याच्या मयतालाही कोणी जाणार नाही. अख्खं गाव येतं, खांबांना बांबू बांधतं, खांदा लावतं आणि घर आहे तसं, छपरासकट, चालवत नेतं. आधी कॉफी आणि केळ्याची भजी, नंतर माशाचं आंबट कालवण. आणि 'या' असं तोंडाने म्हणायचं नसतं. ते मशिदीत घरांचा जाणता सांगतो. घरवालीने फक्त कालवणाबद्दल बोलायचं.

म्हणून हालिजा घरोघर कालवणाबद्दल बोलत फिरत होती.

"शुक्रवारी जरा जास्त मासे घेतेय," ती शेजारच्या साओदाला म्हणाली. साओदा म्हणजे गावाची जीभ. भाचीला सांभाळते, सुपारी कातरते आणि सगळ्यांचं सगळं बघते.

"किती जास्त?"

"येतील त्यांना पुरतील एवढे."

"आणि घर कोण उचलणार, मासेच?"

"तुझा नवरा येईल की."

"त्याच्या कंबरेला मीच उचलून बसवते रोज सकाळी," साओदा म्हणाली. मग सुपारी खाली ठेवून हळूच म्हणाली, "येईल गं. कण्हत येईल, पण येईल."

घरी परत आली की हालिजाला स्वस्थता नसायची. भांडी उतरवून साओदाकडे नेली. गाद्या नेल्या. गोधड्या, मासळीच्या टोपल्या, नवऱ्याचा फोटो, सगळं गेलं. घर इतकं रिकामं झालं की खोकलं तरी दोनदा ऐकू यायचं. मग मारवा बाहेर गेल्याची खात्री करून ती माळ्याची शिडी लावायची आणि वर जायची.

माळ्यावर पलंग होता.

साधा नव्हे. काळ्याशार लाकडाचा, चारी कोपऱ्यांना पितळी गोळे. शेजारी आरशाचं कपाट, आणि कपाटात गवतात गुंडाळलेल्या पोर्सेलिनच्या ताटल्या. रुस्दी, तिचा मुलगा, सबाहला गेला त्याच वर्षी तिने हे पारेपारे शहरातून आणवलं होतं. सुताराने खाली सगळं सुटं करून दिलं, बायकांनी वर चढवून माळ्यावरच पुन्हा जोडलं. रुस्दी परत येईल, लग्न होईल, तेव्हा खाली आणू. पुढे जिच्यासाठी तो गेला ती मुलगी मामुजूच्या मास्तराला दिली. गावात कोणी कीव करायच्या आत हालिजाने सांगून टाकलं, "पलंग विकला. बरा भाव आला." सगळ्यांनी विश्वास ठेवला. कारण माळ्यावर आमच्याकडे पुरुष जात नाहीत, आणि परकी बाईही बोलावल्याशिवाय नाही.

आता तो खाली उतरवायचा म्हणजे सगळ्या गावासमोर उतरवायचा. पलंग बघून लोक आधी पलंगाकडे बघणार, मग एकमेकांकडे, आणि मग मुद्दाम समुद्राकडे.

ती पितळी गोळे पुसायची आणि खाली यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

गुरुवारी पुआंग तालिब आला. घरांचा जाणता, म्हणून सगळे त्याला मानाने पुआंग म्हणतात. कुठलं घर कुठल्या खांबावर भार टाकतं हे तो बघूनच सांगतो. त्याने घराच्या बेंबीच्या, म्हणजे मधल्या, खांबाला नारळ आणि गूळ बांधला, पुटपुटला, हात फिरवला. मग म्हणाला, "आतलं सगळं काढलंस?"

"काढलं, पुआंग."

"माळा?"

हालिजाने पदर सारखा केला. "मूठभर साळी ठेवलीय. रिकाम्या माळ्याचं घर हलवू नये म्हणतात ना."

"बरोबर. मूठभरच ठेव. माणसं थोडी आहेत, पोरी. या वेळी मापात आहे सगळं."

"मूठभरच आहे," हालिजा म्हणाली. त्या दिवशी तिने कालवणात मीठ दोनदा टाकलं आणि मारवाने ते तसंच खाल्लं.

शुक्रवारी नमाज सुटला. हालिजा घराखाली उभी राहून येणारे मोजत नव्हती. म्हणजे डोळे दुसरीकडे ठेवून मोजत होती. तळ्यांवरचे आले. साओदाचा नवरा कण्हत आला. शाळेतली मोठी पोरं गणवेशातच आली. शेजारच्या वस्तीतले आले, ज्यांच्या घराला तिच्या नवऱ्याने कधीकाळी खांदा लावला होता. तरी बांबूंवर जागा उरल्याच. पूर्वी एकेका बांबूवर खांद्याला खांदा लागायचा. आता मधून बकरी गेली असती.

पुआंग तालिबने आरोळी दिली. सगळ्यांनी उत्तर दिलं. घर कुरकुरलं, समोरचे खांब दगडावरून सुटले आणि मागचे तसेच राहिले.

"खाली! खाली!"

दुसऱ्यांदा आरोळी. मागची बाजू वीतभर उचलली आणि दाणकन बसली. कोणीतरी म्हणालं, "हालिजाचंच घर. हट्ट करणारच." सगळे हसले. हालिजाही हसली.

तिसऱ्यांदा बांबू कडाडला आणि एका पोराच्या खांद्याचं साल निघालं. मग कोणी हसलं नाही. माणसं खांदे चोळत उभी राहिली. पुआंग तालिब घराभोवती फिरला आणि थांबला.

"मागून जड कसं? मागे तर काहीच नाही."

"माणसं कमी पडतात, पुआंग," कोणीतरी हळूच म्हणालं. "सबाहचे असते तर..."

तिकडे भरती वळली होती. पहिल्या पातळ लाटा चिखलावरून सरकत येत होत्या. मारवाने पायरीवरची रिकामी पिशवी उचलली आणि झटकली. तेवढ्यात कोणीतरी बांबू सरळ करायला खांबाला धक्का दिला आणि वर, माळ्यात, खण्ण झालं. ताटल्या.

साओदाची मान वर गेली. "मूठभर साळी अशी वाजते होय गं?"

सगळे हालिजाकडे बघायला लागले. कोणी समुद्राकडे बघत नव्हतं.

हालिजाने पाण्याकडे पाहिलं, मग मारवाच्या हातातल्या पिशवीकडे. "पलंग आहे," ती म्हणाली. "कपाट पण आहे. रुस्दीचं." आणि कोणी काही बोलायच्या आत पदर खोचून शिडीला लागली. "बघत काय उभ्या राहिलात? मी एकटी उतरवू? पाना द्या कुणीतरी, बोटीच्या इंजिनाचा!"

बायका वर गेल्या. पुरुषांनी रीतीने पाठ फिरवली आणि विड्या पेटवल्या. पलंग सुटा झाला, एकेक पाय, एकेक फळी खाली आली. कपाट उतरवताना आरशात सगळ्या माळ्याचं छप्पर फिरलं. रुस्दीचं नाव कोणीही काढलं नाही. एक शब्द नाही. हालिजाला तेच जड गेलं. कोणी टोमणा मारला असता तर तिच्याकडे चांगलं उत्तर होतं. आठवडाभर घासूनपुसून ठेवलं होतं.

"चला!" पुआंग तालिब ओरडला. "आता हट्ट खाली उतरला!"

आणि घर उठलं. समोरून उठलं, मागून उठलं, सगळं एकदम. मग पावलं पडायला लागली आणि घर चाललं, खेकड्यासारखं जरा तिरकं, मशिदीच्या बाजूने, तळ्याच्या बांधाला चाटून. हालिजा करवंटीत चुलीतले निखारे घेऊन पुढे. मागे वळून बघायचं नसतं. तिने तीनदा बघितलं. पहिल्यांदा घर येतंय का म्हणून, आणि उरलेल्या दोन्ही वेळा चिखलावर पडलेल्या त्या लाकडांकडे.

रस्त्याकडेच्या जागेत नवे दगड तयार होते. घर बसलं. पुआंग तालिबने बेंबीच्या खांबाला कान लावला, जसं काही आत पोट गुरगुरतंय, आणि मान हलवली. लोक कालवणावर तुटून पडले. "मीठ जरा हात राखून," साओदाचा नवरा म्हणाला, आणि तीनदा वाढून घेतलं.

हालिजाने वाढलं, भात आणला, पाणी आणलं. बसली नाही. मग कोणाच्या लक्षात यायच्या आत ती परत जुन्या जागी गेली.

पाणी आलं होतं. पलंगाच्या फळ्या चटईवर होत्या, चटईच्या कडा भिजल्या होत्या. कपाटाच्या आरशात समुद्र हलत होता. घर होतं तिथे आता चार ओळी दगड आणि मधे उजेड. एवढा उजेड तिथे कधीच नव्हता. ती एका फळीवर बसली, पुन्हा उठली.

मागून साओदा आली. दमली होती. "काय गं, वाहून जायचा विचार आहे?"

"तुझ्या भाचीचं लग्न कधी?"

"ईदनंतर. का?"

"तिला कुठे झोपवणार आहात? सुपारीच्या पोत्यांवर?"

साओदाने पलंगाकडे बघितलं. "हालिजा, तो रुस्दीचा आहे."

"रुस्दी चटईवर वाढलाय. धर ते टोक. नाहीतर खेकड्यांचं लग्न लावू."

दोघींनी फळ्या उचलल्या. मग मारवा आली, मग दोन पोरं आली. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढायच्या आत सगळं साओदाच्या अंगणात पोचलं.

संध्याकाळी मारवाने सबाहला फोन लावून दिला. लाइन खरखरत होती.

"इंदो! घर हललं?"

"हललं. आलास तर समुद्राकडे जाऊ नको. रस्त्यावरच आहोत. पेट्रोलच्या बाटल्या विकतात ना, त्याच्या शेजारी."

"छान झालं! पुढच्या ईदला नक्की येतो, इंदो."

"ये. पण पलंग आता नाही हं. देऊन टाकला."

पलीकडे मागून कोणीतरी मलय भाषेत बापाला हाक मारत होतं, लहान मुलाचा आवाज.

"कुठला पलंग, इंदो?"

हालिजाने फोन कानापासून दूर धरला, बघितला, पुन्हा लावला. "काही नाही. जेवलास का?"

फोन ठेवल्यावर मारवाने पिशवीची घडी घालून ती आपल्या सामानात ठेवली. "आता तरी बस, इंदो. आठवडाभर उभी आहेस."

हालिजा बसली. नव्या जागी घर वेगळं कुरकुरत होतं. रस्त्यावरून मोटारसायकली जात होत्या, एकेक दिवा भिंतीवरून सरकत होता. इथे लाटेचा आवाज नव्हता, त्यामुळे झोपायला उशीर होणार. ती अचानक उठली.

"आता काय?"

"साळी. घाईघाईत तीही खाली आणली की तुम्ही बायकांनी."

टोपलीतून तिने साळीची मूठ भरून घेतली, शिडी लावली आणि वर गेली. माळा केवढा मोठा होता ते ती विसरूनच गेली होती. जिथे पलंग होता तिथे फळ्यांवर त्याच्या पायांचे चार स्वच्छ चौकोन होते, बाकी सगळीकडे धूळ. ती मधोमध उभी राहिली, इकडे ठेवावं की तिकडे, ठरेना. खालून मारवा हाका मारत होती. हालिजाने एका चौकोनात साळी ओतली, मग वाकून बोटाने गोळा करून दुसऱ्यात ठेवली, आणि मग पुन्हा पहिल्यात.