पुलावरची म्हातारी

लिहिणाऱ्यापेक्षा ऐकणारे हुशार असले, की किस्से आपोआप साचतात.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या रविवारच्या मंडळात मी माझी फँटसी कादंबरी वाचून दाखवतो. मंडळाचा नियम एकच : शेवटपर्यंत ज्या पात्राचा उपयोग कळला नाही, त्यावर सर्वांदेखत पेन्सिलीची काट! मला धास्ती होती ती पुलावर बसून रिकामं सूप पाखडणाऱ्या म्हातारीची. राजपुत्र विचारतो, "जाऊ का?" ती म्हणते, "अजून नाही." बस्स! ती कशासाठी आहे, मलाच ठाऊक नव्हतं. पण ती गेली तर कादंबरीत माझं असं काय उरेल, तेही ठाऊक नव्हतं.

*

भाऊराव मौद्याच्या वीजप्रकल्पात इंजिनिअर होते. पहिल्याच रविवारी म्हणाले, "सर, हे बाई काहून आहे? आमच्या प्लांटात बिनकामाचा एक व्हॉल्व्ह नसे!"

मी साहित्यशास्त्राच्या आधारे वीस मिनिटं उत्तर दिलं. डॉक्टरेट झालेल्या माणसाला थांबता येत नाही.

"म्हणजे तुमालेही माहीत नाही!" भाऊराव म्हणाले.

*

हुडकेश्वरच्या कुसुमताईंचा तर्क होता, "शापित राणी असन ते."

मी हळूच वहीत टिपून घेतलं. ताईंचं लक्ष होतंच.

"काय सर, आमचीच कॉपी करून राहिले काय!"

*

घाबरून मी म्हातारीला राजपुत्राची हरवलेली आत्या केलं. मिठी, अश्रू, सगळं! वाचून मान वर केली.

"पहिले हिचं भेव वाटे," भाऊराव म्हणाले. "आता लग्नात रुसलेली आत्याबाई वाटून राहिली."

त्याच संध्याकाळी आत्या रद्द.

*

गेल्या रविवारी शेवटचं प्रकरण संपलं. भाऊरावांनी पेन्सिल काढली. "सर, उपयोग?"

"नाही सापडला," मी म्हणालो.

तेवढ्यात चहा आला. ताईंनी शेवटच्या खुर्चीवरच्या आजोबांना कप दिला. ते दर रविवारी येतात, डोळे मिटून ऐकतात, चहा पितात, हात जोडून निघून जातात. एक शब्द नाही.

"ताई, हे तुमच्याकडले ना?" भाऊराव कुजबुजले.

"माह्याकडले? मले वाटलं, सरांचे पाहुणे!"

मी तर त्यांना भाऊरावांचे समजत होतो. दोन वर्षं!

आजोबांनी कप ठेवला, हात जोडले आणि ते दाराकडे निघाले.

"थांबा, मी नाव विचारून येतो," मी उठलो.

भाऊरावांनी पेन्सिल खिशात टाकली आणि माझी बाही धरली.

"बसा सर! तुम्ही त्याचीही आत्याबाई करून टाकसान!"