सहमालकाची सही

माझा उजवा पाय शेवंतीमावशींच्या न्हाणीघरात होता आणि उरलेला मी त्यांच्या छपरावर. कौलांवरून चालताना पाऊल वाशाच्या रेषेवर टाकायचं, मधल्या कौलावर नाही, हे मी ऑफिसातल्या नव्या लोकांना फळ्यावर चित्र काढून शिकवत असे. त्या दिवशी वासा एकीकडे राहिला आणि मी दुसरीकडे गेलो.

खालून आवाज आला, "सायबानू, पाय हलवू नकात हां! खाली भाणात कढत पाणी आसा!"

भाण म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं. ते चुलीवरून कायमचं उतरवणं हेच माझं सरकारी काम होतं. मावशींनी ते उतरवेपर्यंत मी छपरावर तसाच बसून राहिलो.

गोवा घटक राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या राज्यात नव्या योजना येत. त्यातली एक माझ्या टेबलावर आली. घरावर सोलर वॉटर हीटर बसवा, खर्चातला काही हिस्सा सरकार भरेल. याला म्हणायचं सबसिडी. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके माझ्याकडे. छपराचा उतार दक्षिणेला आहे का, माडाची सावली पडते का, ते बघून रिपोर्ट द्यायचा. हीटर म्हणजे काही जादू नव्हे. काचेच्या झाकणाची उथळ काळी पेटी, तिला कलेक्टर म्हणतात. आत तांब्याच्या नळ्या. उन्हानं त्यातलं पाणी तापतं आणि आपोआप वरच्या टाकीत चढतं.

शेवंतीमावशी इब्रामपूरच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सुरेश मस्कतला एसी मेकॅनिक. घरात मावशी, एक म्हैस आणि भिंतीवर सुरेशचा गॉगल घातलेला फोटो.

पाय सोडवून मी खाली आलो. मावशींनी गुडघ्याला हळद लावली आणि चहाबरोबर उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल कडक पाव, पुढे ठेवला. मी फॉर्म भरायला घेतला.

"घर कुणाच्या नावावर?"

"ह्यांच्या."

म्हणजे आली पंचाईत. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा. नवरा गेला की अर्धं घर बायकोचं, अर्धं मुलांचं. सुरेश सहमालक झाला. आणि योजनेत स्पष्ट लिहिलेलं, की सर्व सहमालकांनी अधिकाऱ्यासमोर सही करावी.

"म्हणजे त्याका हयसर येऊचा लागतला?" मावशींनी विचारलं.

"नियम तसा आहे खरा."

त्यांनी चहाची कपबशी उचलली, परत ठेवली. "येऊनच सही करूक होयी? पोस्टान चलना नाय?"

बाई काळजीत पडली, असं मला वाटलं. माझ्यातला कर्तबगार इंजिनीयर जागा झाला. हा गृहस्थ जागा झाला की घरचे सावध होतात. मावशींना ते ठाऊक नव्हतं.

"मावशी, तुम्ही चिंता करू नका. मी बघतो."

पणजीला जाऊन मी फाइल साहेबांपुढे ठेवली.

"सहमालक कुठे आहे?"

"मस्कतला, सर."

"मग येईल तेव्हा करेल सही."

"सर, तिथल्या आपल्या दूतावासाचा शिक्का मारून संमतिपत्र आलं तर?"

साहेबांनी चष्मा काढला. "चालेल बहुतेक. पण एवढी घाई कुणाला आहे, तिला की तुला?"

"तिलाच, सर. दोनदा विचारलं तिनं."

मी स्वतः मसुदा टाइप केला आणि रजिस्टर पोस्टानं सुरेशला पाठवला. सोबत चार ओळी, की आपण इथं येण्याची काही गरज नाही, आईंची काळजी आम्ही घेऊ. ही शेवटची ओळ मला फार आवडली होती. घरी बायकोला वाचूनसुद्धा दाखवली.

दीड महिन्यात संमतिपत्र आलं. ठळक शिक्का, स्वच्छ सही. पाऊस सरल्यावर हीटर बसला. दिवाळीच्या दोन दिवस आधी मी शेवटच्या इन्स्पेक्शनला गेलो. या वेळी छपरावर शिडी लावून, वाशावरून.

खाली उतरून नळ सोडला. हात भाजेल असं पाणी. "बघा मावशी!" म्हटलं.

"बरा आसा," त्या म्हणाल्या, आणि मला आत बोलावलं. जेवायला वाढलं होतं. नारळाच्या रसातली भाजी, सोलकढी. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतींना नवा चुना, खाटेवर कोरी चादर. चादरीच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"कोणी येणार आहे का?"

"येवचो होतो. चवथीक." त्यांनी फळीवरून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. "वाच. पोस्टमन वाचता, पण भरभर वाचता."

मी वाचलं. गणेशचतुर्थीची रजा मंजूर झाली होती, तिकीटही सांगून ठेवलं होतं. पण ऑफिसातल्या साहेबांनी येण्याची गरज नाही असं कळवलं, म्हणून रजा रद्द केली. पुढच्या वर्षी नक्की. साहेब मनुष्य भला दिसतो.

"तीन चवथी झाल्यो," मावशी म्हणाल्या. "कंपनी रजाच दिना. घराच्या कागदावर सही लागता असा सांगितल्यावर दिल्यानी. माका गरम पाण्याची हौस खंयची रे बाबा? चुलीवरला भाण काय वाईट होता?"

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर भात गिळायला सोपा गेला असता.

मी म्हटलं, "मावशी, मी फाइलवर शेरा मारतो. सहमालकाची प्रत्यक्ष हजेरी आवश्यक."

"नको. एकदा रजा मोडली, आता वर्षभर देवचे नाय. आणि तुका खोटा लिवूक येवचा नाय." मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "कढी घे आणखी."

रिपोर्टात मी 'काम समाधानकारक' असं लिहिलं. दुसरा रकाना नव्हता. तेव्हापासून अर्जदारानं तोच प्रश्न दोनदा विचारला, की मी उत्तर द्यायच्या आधी त्याला विचारतो, तुम्हाला काय व्हायला हवंय? यानं काम लांबतं. साहेब लोक कुरकुरतात.

डिचोलीला घरी येऊन सगळं बायकोला सांगितलं. मुलांच्या दिवाळीच्या कपड्यांना ती बटणं लावत होती. माझं झाल्यावर तिनं दोरा तोडला.

"टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं का, ते बघितलंत?"

"दुपारी कसं बघणार?"

"मग इन्स्पेक्शन अर्धंच झालंय. परवा नरकचतुर्दशी. मावशींना निरोप पाठवा, उद्या आम्ही चौघं मुक्कामाला येतोय म्हणावं. आणि तुम्ही छपरावर चढायचं नाही."