चुकांचा रकाना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो आत मीटिंगमध्ये आहे, मी स्वयंपाकघरात उभ्याने हे लिहितेय आणि मला राग आलाय. रडू नाही, राग. तेवढं आधीच स्पष्ट असू दे.

आमचा डब्लिनच्या मराठी लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी मी एक टिपण टाकते. बेसबॉलचा एखादा सामना, त्यावरून आठवलेलं जुनं गाणं, कधी एखादा सिनेमा. लोकांना आवडतं. ब्लँचर्डस्टाउनच्या मॉलमध्ये बायका मला थांबवतात — "अय्या, तुम्हीच ना त्या बेसबॉलवाल्या?" मी हो म्हणते. मी एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही.

सामने बाबा बघतात.

माझे बाबा अमरावतीला एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. क्रिकेटवाले मैदान सोडतील तेव्हा उरलेल्या कोपऱ्यात त्यांनी नोकरीभर पोरांना बेसबॉल शिकवला. आई गेल्यापासून ते सकाळी चहा घेऊन अमेरिकेतले सामने मोबाइलवर बघतात आणि संपला की मला व्हॉइस मेसेज पाठवतात. मी उठेपर्यंत तो येऊन पडलेला असतो. सुरुवातीला मी ऐकतही नव्हते. एक अंगठा पाठवायचा आणि कामाला लागायचं. एका मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. सदोष माल बाहेर जाऊ न देणं हे माझं काम.

मग एकदा बस अडकली, म्हणून ऐकला. बाबा म्हणत होते, "हा पिचर बॉल टाकाच्या आधी थांबते ना, तसाच आपला गवई समेवर याच्या आधी थांबते. साऱ्या ग्राउंडाचा जीव टांगून ठेवते पोट्टं."

मी बसमध्येच ते टाइप करून ग्रुपवर टाकलं. 'बाबा म्हणतात' — दोन शब्द लिहायला काय जात होतं माझं? लिहिले नाहीत. पहिल्या दिवशी विसरले म्हणा. दुसऱ्या दिवशी? त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी?

आणि नुसतं घेतलं नाही, धुतलंही. ग्रुपवर बहुतेक पुण्या-मुंबईचे. तिथे बाबांची वऱ्हाडी कशी चालेल? 'पोट्टं' काढून 'तरुण खेळाडू' घातलं. 'साऱ्या ग्राउंडाचा जीव' काढून 'प्रेक्षक'. एकेक शब्द कपड्यावरचा डाग काढावा तसा काढला. टाइप करून झालं की मेसेज पुसायचा, फोन भरतो म्हणून. नीटनेटकी बाई ना मी!

मग एका वर्षी बाबा आमच्याकडे डब्लिनला आले. त्यांच्या वाट्याला इथला पाऊस आणि आमचे कामाचे दिवस. नातीशी बोलायचा प्रयत्न करायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मग दोघं मिळून मोबाइलवर सामना बघायचे. इथल्या मराठी मंडळाचा गणपती होता, भाड्याच्या हॉलमध्ये. मंडळाचं सगळं बघणारी केतकी माइक घेऊन आमच्यासमोरच आली.

"काका, तुमची लेक काय लिहिते हो! तुम्ही वाचता की नाही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही बा," म्हणाले. "मले दाखवतच नाही ते."

लोक हसले. केतकीने माइक माझ्या हातात दिला. सगळ्यांचं आवडतं टिपण वाच म्हणाली, ते फळ्यावरचं.

ते टिपण असं होतं. क्रिकेटमध्ये झेल सुटला की लोक ओरडतात आणि विसरून जातात. बेसबॉलच्या फळ्यावर धावांच्या ओळीतच चुकांचाही रकाना असतो. चूक झाली की आकडा लागतो, सगळ्या मैदानाला दिसतो. आणि जो चुकला त्याला त्याच फळ्यासमोर उभं राहून पुढचा चेंडू अडवावा लागतो.

मी वाचलं. माझे बाबा पहिल्या रांगेत, माझ्या नवऱ्याच्या जाकिटात बसलेले. त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर, माझं म्हणून. आवाजसुद्धा कापला नाही माझा. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी बाबांनी वाजवल्या.

गाडीत त्यांनी सीटबेल्ट लावला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "मस्त वाचलं वं पोरी." मग, "मायं बोलणं भल्लंच खडबडीत हाय, नाही?"

तिथे एक शब्द पुरला असता. नाही बाबा. एवढंच. मी काय म्हटलं? "थंडी वाजतेय का? हीटर लावू?"

ते काही दिवसांनी परत गेले. लगेच दुसऱ्या सकाळी मेसेज आला. मी ऐकला आणि वाटलं, दुसऱ्याच कुणाचा आलाय. शाळेच्या बक्षीस समारंभात बोलतात तशा भाषेत बाबा सावकाश बोलत होते. "कालचा सामना अत्यंत रंगतदार झाला. पूर्णविराम." मला टाइप करायला सोपं जावं म्हणून. 'पोट्टं' नाही, 'हाय' नाही. शेवटी जरा खाकरून, "बरोबर आहे ना? चालेल ना?"

याचा राग कुणावर काढू? त्यांच्यावर काढून पाहिला. का नाही बोलले? भर हॉलमध्ये का नाही म्हणाले, हे माझं आहे? मग केतकीवर, मग ग्रुपवर. काही उपयोग नाही. फळ्यावर आकडा माझ्याच नावापुढे लागतो.

आता फोनवरही ते माझ्याशी तसंच बोलतात, परक्याशी बोलावं तसं. मागे वहिनीशी बोलताना ऐकू आले — "काय वं, चहा मांडला का?" मग फोन हातात घेतला आणि मला म्हणाले, "नमस्कार, कशी आहेस?"

जुने मेसेज मी पुसले. त्यांचा जुना फोन भावाने दुकानात देऊन नवा घेतला. ते बोलणं कुठेच राहिलेलं नाही.

आजही मेसेज आला. कसलाही बदल करावा लागला नाही. मी टाइप केलं, खाली माझं नाव घातलं, ग्रुपवर टाकलं. मग बाबांना अंगठा पाठवला.